मनोरुग्णाला मर्जीविरुद्ध दाखल करण्याचे कायदे: सही कोणाची, मुदत किती?

जुनं_दप्तर

कुठल्याही देशाचा या विषयावरचा जुना कायदा हातात आला की चार गोष्टी आधी शोधाव्यात. अर्ज कोणी करायचा, तपासणी किती डॉक्टरांनी आणि किती दिवसांच्या आत, हुकमावर सही कोणाची, आणि तो हुकूम आपोआप कधी संपतो. पहिल्या तिन्हींवर दोनशे वर्षं वाद झाले. चौथीकडे फार कमी कायद्यांनी नीट पाहिलं. माझं मत असं की माणसं वीस-वीस, तीस-तीस वर्षं आत राहिली ती खोट्या सर्टिफिकेटांपेक्षा मुदत नसल्यामुळे. धागा त्यासाठीच काढला आहे.

सुरुवात इंग्लंडपासून करतो, कारण आपला १९१२ चा इंडियन लुनसी ॲक्ट तिथूनच आला. १७७४ पर्यंत पैसे देऊन कोणालाही खाजगी 'मॅडहाउस'मध्ये ठेवता येत असे, कागदाचा चिटोरा लागत नसे. १७७४ च्या कायद्याने वर्षभराचा परवाना सक्तीचा केला, डॉक्टरच्या लेखी हुकमाशिवाय रुग्ण घेतला तर १०० पौंड दंड ठेवला आणि रुग्ण आल्याची सूचना लंडन परिसरात ३ दिवसांत पाठवायला लावली. तपासणीचं काम तिथे कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या ५ जणांकडे होतं, बाकी ठिकाणी जस्टिस ऑफ द पीस (स्थानिक मॅजिस्ट्रेट) आणि एक डॉक्टर. पण दोन भोकं राहिली. सरकारी खर्चाने ठेवलेल्या गरिबांना सर्टिफिकेटचा नियम लागू नव्हता. आणि जागा कितीही वाईट असली तरी तेवढ्यासाठी परवाना रद्द करायचा अधिकार तपासनिसांना नव्हता. पाहणी करायची, नोंद करायची, बस्स.

१८०० साली वेगळाच फाटा फुटला. जेम्स हॅडफिल्डने ड्रुरी लेन नाट्यगृहात राजा तिसऱ्या जॉर्जवर गोळी झाडली. वेडाच्या कारणावरून तो सुटला, पण मोकळा सोडायचा कसा? मग घाईने कायदा झाला: अशा माणसाला 'राजाची मर्जी होईपर्यंत' अटकेत ठेवायचं. मुदत न लिहिण्याचं याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

मेधा_कराड

चौथा मुद्दा पटला. पण १८९० च्या इंग्लिश कायद्यात मुदत होती ना?

जुनं_दप्तर

होती, मेधाताई, आणि म्हणूनच तो कायदा बारकाईने वाचण्यासारखा आहे. अर्ज शक्यतो नवरा, बायको किंवा नातेवाइकाने करायचा. दुसऱ्या कोणी केला तर नातेवाईक का पुढे आले नाहीत ते लिहायचं. अर्जदाराने रुग्णाला मागच्या १४ दिवसांत स्वतः पाहिलेलं हवं. सोबत दोन डॉक्टरांची सर्टिफिकेटं, दोन वेगळ्या कागदांवर, आणि तपासणी अर्ज देण्याआधीच्या ७ दिवसांतली. दोघे डॉक्टर एकमेकांचे भागीदार किंवा मदतनीस चालत नसत. मग न्यायिक अधिकाऱ्याची सही, आणि याला म्हणायचे 'रिसेप्शन ऑर्डर'. फारच तातडी असेल तर एका सर्टिफिकेटवर 'अर्जन्सी ऑर्डर', तिची मुदत ७ दिवस. त्या ७ दिवसांत नेहमीचा अर्ज करायचा.

रिसेप्शन ऑर्डर एका वर्षाने संपे. पुढे २ वर्षं, मग ३, मग दर वेळी ५ वर्षं असं नूतनीकरण. मुदत संपायच्या आधीच्या महिन्यात, पण शेवटचे ७ दिवस उरायच्या आत, अधिकाऱ्याने खास अहवाल पाठवायचा. अहवाल राहिला तर ताबा बेकायदा. कागदावर हे चोख आहे. कमजोरी अशी की अहवाल लिहिणारा डॉक्टर त्याच असायलममधला (मनोरुग्णालयातला). मुदत होती, पण ती तपासायला बाहेरून कोणी माणूस रुग्णासमोर येऊन बसेलच असं नव्हतं.

आणखी एक बारकावा. सही करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याने रुग्णाला पाहिलंच पाहिजे असं नव्हतं. न पाहता सही केली असेल तर दाखल झाल्यापासून २४ तासांत रुग्णाला लेखी कळवायचं की तुला अशा अधिकाऱ्यापुढे जायचा हक्क आहे. मात्र 'हे कळवणं रुग्णाच्या प्रकृतीला अपायकारक आहे' असं डॉक्टरने लिहून दिलं की हक्क तिथेच संपे.

मनोमय

दप्तरराव, मांडणी चांगली आहे, पण १८९० च्या कायद्याची दुसरी बाजू आली पाहिजे. त्याने उपचार उशिरा सुरू व्हायचे. काउंटी असायलममध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी मनोरुग्णालयात, स्वतःच्या पायाने जाऊन 'मला ठेवून घ्या' म्हणायची सोयच नव्हती. सर्टिफाय झाल्याशिवाय दार उघडत नसे आणि तो शिक्का आयुष्यभर पुसला जात नसे. त्यामुळे घरचे शेवटपर्यंत थांबायचे. आजार सहा महिने वाढू द्यायचा आणि मग मॅजिस्ट्रेटकडे धावायचं, हा त्या कायद्याचा थेट परिणाम.

हे सुधारलं १९३० च्या मेंटल ट्रीटमेंट ॲक्टने. ऐच्छिक रुग्ण आला, तो ७२ तासांची लेखी सूचना देऊन निघू शकत असे. 'तात्पुरता रुग्ण' असा मधला वर्ग आला: ज्याला हो किंवा नाही दोन्ही म्हणता येत नाही अशी अवस्था, दोन डॉक्टर, न्यायाधीश नाही, मुदत ६ महिने आणि वाढवून जास्तीत जास्त १ वर्ष. १९५९ च्या कायद्याने मॅजिस्ट्रेटला दाखल करण्याच्या प्रक्रियेतून काढूनच टाकलं आणि अपिलासाठी ट्रायब्युनल दिलं. आज तिथे १९८३ च्या कायद्याचं कलम २ म्हणजे तपासणीसाठी २८ दिवस आणि कलम ३ म्हणजे उपचारांसाठी आधी ६ महिने.

कायद्याचं कुंपण जितकं उंच, तितका रुग्ण उशिरा पोहोचतो. हे विसरून फक्त हक्कांची भाषा बोलली की नुकसान रुग्णाचंच होतं.

वऱ्हाडी_वकील

मनोमय, उशिराचा मुद्दा मान्य. पण कुंपण नसलं की काय होतं ते अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात दिसलं. तिथे १८५१ चा कायदा होता. बाकीच्यांसाठी वेड सिद्ध करायला पुरावा लागायचा, पण विवाहित स्त्रिया आणि अल्पवयीन मुलं यांना नवऱ्याच्या किंवा पालकाच्या विनंतीवरून, इस्पितळाच्या सुपरिंटेंडेंटला पटलं की, त्या पुराव्याशिवाय ठेवून घेता येत असे. हे कायद्यातच लिहिलेलं होतं, कोणी पळवाट शोधलेली नव्हती. एलिझाबेथ पॅकार्ड यांना त्यांच्या पाद्री नवऱ्याने धर्ममतावरच्या मतभेदांतून १८६० च्या जूनमध्ये जॅक्सनव्हिलच्या असायलममध्ये पाठवलं. तीन वर्षं तिथे गेली. बाहेर आल्यावर नवऱ्याने घरात कोंडलं, त्यावरून प्रकरण कोर्टात गेलं, आणि १८६४ च्या जानेवारीत ज्यूरीने ७ मिनिटांत निकाल दिला की बाई शहाण्या आहेत. पुढे त्यांनी स्वतः पाठपुरावा करून १८६७ साली ज्यूरीपुढच्या सुनावणीचा कायदा करून घेतला.

आता तुमच्या बाजूचंही बोलतो. ज्यूरीचा उपाय रुग्णांना जाचला. शेरीफने पकडून आणायचं, भर कोर्टात शेजाऱ्यांनी साक्ष द्यायची, निकाल गावभर. आजारी माणूस आरोपीसारखा उभा. त्यामुळे अमेरिकेत ज्यूरीची सक्ती टिकली नाही.

पुढची मोठी वळणं १९७० च्या दशकातली. ओकॉनर विरुद्ध डोनाल्डसन, १९७५: फ्लोरिडात केनेथ डोनाल्डसन जवळजवळ १५ वर्षं आत होते. सुप्रीम कोर्ट म्हणालं, धोकादायक नसलेल्या आणि बाहेर सुखरूप राहू शकणाऱ्या माणसाला नुसतं आजारी म्हणून डांबता येणार नाही. ॲडिंग्टन विरुद्ध टेक्सास, १९७९: पुरावा 'स्पष्ट आणि खात्रीलायक' हवा, दिवाणी दाव्यातला 'जास्त शक्य वाटतं' एवढा पुरणार नाही. आणि मुदतीच्या बाबतीत कॅलिफोर्नियाचा १९६७ चा कायदा: आधी ७२ तास, मग गरज असेल तर १४ दिवस, प्रत्येक टप्प्याला नवं कारण. दप्तरराव म्हणतात तो चौथा प्रश्न या कायद्याने पहिल्या क्रमांकावर आणला.

पॅरिसची_सई

फ्रान्सचा ३० जून १८३८ चा कायदा इथे हवाच, कारण तो १९९० पर्यंत चालला. दोन वाटा होत्या. एक प्रीफेक्टच्या (जिल्ह्याच्या सरकारी प्रमुखाच्या) हुकमाने. दुसरीला 'ऐच्छिक' म्हणत, पण इच्छा रुग्णाची नव्हे, अर्ज करणाऱ्याची. एक लेखी अर्ज आणि १५ दिवसांच्या आतलं एक सर्टिफिकेट, एवढ्यावर माणूस आत. न्यायाधीश कुठेच नाही. २४ तासांत प्रीफेक्टला कळवायचं, १५ दिवसांनी पुन्हा सर्टिफिकेट, मग रजिस्टरमध्ये दर महिन्याला डॉक्टरची नोंद. कोर्टात जायचा हक्क होता, पण आत बसलेल्या माणसाने पत्र पाठवायचं कोणामार्फत?

शिल्पकार कामीय क्लोडेल यांचं प्रकरण पाहा. २ मार्च १९१३ ला वडील वारले आणि १० मार्चला घरच्यांच्या अर्जावरून त्यांना विल-एव्हरारच्या असायलममध्ये नेलं. १९२० मध्ये डॉक्टरांनी सुचवलं की त्यांना घरच्यांकडे परत पाठवून पाहावं. आईने नकार दिला. १९ ऑक्टोबर १९४३ ला त्या असायलममध्येच वारल्या. ३० वर्षं, आणि कुठल्याही टप्प्यावर 'आता हुकूम संपला, नव्याने कारण दाखवा' असं कोणाला विचारावं लागलं नाही. आजार खरा होता की नाही यावर लोक भांडतात. माझ्या मते तो इथे मुद्दाच नाही. आजार खरा धरला तरी १९२० नंतरची २३ वर्षं कोणत्या आधारावर?

न्यायाधीश आपोआप मध्ये आला तो थेट २०११ साली, तोही घटना परिषदेने (कायदा घटनेला धरून आहे का ते ठरवणाऱ्या फ्रेंच संस्थेने) जुनी तरतूद नोव्हेंबर २०१० मध्ये रद्द केल्यावर. आधी १५ दिवसांत सुनावणी, २०१३ च्या दुरुस्तीने सप्टेंबर २०१४ पासून १२ दिवसांत.

ओसाकाकर

जपानमध्ये १९०० च्या कायद्याने कैद घरातच ठेवली. कुटुंबातला एकजण 'पालक' ठरे आणि पोलिसांमार्फत परवानगी काढून रुग्णाला घरातल्या किंवा अंगणातल्या लाकडी गजांच्या खोलीत ठेवे. सरकारला इस्पितळं बांधायला लागत नव्हती, म्हणून ही व्यवस्था परवडत होती. शुझो कुरे या प्राध्यापकांनी सहकाऱ्यांना गावोगाव पाठवून अशा तीनशेहून जास्त खोल्यांची मापं, नकाशे, फोटो जमवले आणि १९१८ मध्ये अहवाल छापला. काही खोल्यांत माणसाला उभं राहता येत नव्हतं. १९१९ मध्ये इस्पितळांचा कायदा झाला खरा, पण घरातली कैद बंद व्हायला १९५० उजाडलं.

१९५० नंतर दार बदललं, किल्ली घरच्यांकडेच राहिली. जबाबदार नातेवाइकाची संमती आणि डॉक्टरचं निदान, की झालं, आणि वरची मुदत नाही. अशा प्रकारे दाखल करण्याला ठरावीक मुदत लागली २०२४ पासून: पहिल्या सहा महिन्यांत एका वेळी जास्तीत जास्त ३ महिने, पुढे ६ महिने. म्हणजे धागाकर्त्यांचा चौथा प्रश्न तिथे सोडवायला १२४ वर्षं गेली.

मेधा_कराड

आता आपल्याकडचं कोणी सांगेल का? जुन्या घरांतून कधी कधी १९१२ च्या कायद्याचे कागद निघतात, ते कसे वाचायचे?

वऱ्हाडी_वकील

आधी १८५८ मध्ये एकदम तीन कायदे झाले, क्रमांक ३४, ३५ आणि ३६. पहिले दोन मुख्यतः मालमत्ता आणि कोर्टाच्या चौकशीचे, तिसरा असायलमचा. मग १९१२ चा इंडियन लुनसी ॲक्ट. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली मनोरुग्णालयं स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं याच कायद्याखाली चालली, कारण त्याच्या जागी आलेला १९८७ चा कायदा अमलात आला १ एप्रिल १९९३ ला.

कागद हातात आले तर पाहायचा क्रम सांगतो. अर्जावर अर्जदाराचं नातं आणि त्याने रुग्णाला शेवटचं कधी पाहिलं ती तारीख, १४ दिवसांचा नियम इथेही होता. मग दोन सर्टिफिकेटं. त्यांतलं एक सरकारी मेडिकल ऑफिसरचं असायलाच हवं. प्रत्येकात दोन भाग असतात: 'मी स्वतः पाहिलेल्या गोष्टी' आणि 'दुसऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी'. पहिला भाग नीट वाचा. कायद्याप्रमाणे फक्त ऐकीव गोष्टींवरचं सर्टिफिकेट चालत नाही. पहिल्या भागात 'बडबडतो', 'उत्तर देत नाही' एवढंच असेल आणि सगळा मजकूर दुसऱ्या भागात असेल तर तो हुकूम कच्चा होता असं समजा. शेवटी मॅजिस्ट्रेटचा हुकूम. अर्ज सापडलाच नाही तर बहुधा पोलिसांची वाट: कलम १३ खाली, भटकणारा माणूस वेडा वाटला तर ठाणेदार त्याला धरू शके आणि धोकादायक वाटला तर धरायलाच लागे. मॅजिस्ट्रेट तपासणीसाठी एका वेळी १० दिवस, सगळे मिळून ३० दिवस ठेवू शके.

आता खरी मेख. इंग्लंडच्या १८९० च्या कायद्यातून अर्ज, १४ दिवस, दोन सर्टिफिकेटं हे सगळं आलं, पण वर्षाने हुकूम संपण्याचं कलम आलं नाही. बाहेर काढायचं ते तीन व्हिजिटरांच्या (असायलमवर नेमलेल्या तपासनिसांच्या) लेखी हुकमाने, किंवा अर्जदाराने स्वतः मागितलं तर, किंवा नातेवाइकाने सांभाळायची हमी दिली तर. व्हिजिटरांनी महिन्यातून एकदा पाहणी करायची होती. पाहणी म्हणजे वॉर्डात फेरी, प्रत्येक फाइल नव्हे. ज्याला न्यायला कोणी आलं नाही त्याच्या हुकमावर तारीख एकच राही, दाखल झाल्याची.

एका बाबतीत मात्र १९१२ चा कायदा पुढे होता. दोन व्हिजिटरांच्या संमतीने माणूस स्वखुशीने राहू शके आणि लेखी सूचना दिल्यावर २४ तासांत त्याला सोडावं लागे. इंग्लंडच्या काउंटी असायलममध्ये तेव्हा ही सोय नव्हती.

जुनं_दप्तर

आणि जेल विसरू नका. वर सांगितलेले ३० दिवस कागदावर होते. गुन्हा नसलेले मनोरुग्ण 'सुरक्षित जागा' म्हणून तुरुंगात ठेवले जात आणि तिथेच वर्षं काढत. शीला बारसे यांच्या याचिकेवर १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही पद्धत बेकायदा आणि घटनाविरोधी ठरवली. त्याआधी १९८३ चं रुदुल साह प्रकरण: १९६८ मध्ये निर्दोष सुटलेला माणूस बिहारच्या तुरुंगात आणखी १४ वर्षं होता, आणि सरकारचं उत्तर होतं की तो वेडा होता. भरपाई ठरली ३५,००० रुपये.

स्वाती_नाशिक

आज काय करायचं? घरात कोणी आक्रमक झालं तर पोलीस म्हणतात कोर्टातून हुकूम आणा.

मनोमय

ते १९८७ च्या कायद्याच्या सवयीने सांगतात, स्वातीताई. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि घरच्यांना दाखल करण्यासाठी कोर्टात जावं लागत नाही.

जीवाला तातडीचा धोका असेल तर कलम ९४. कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती) हजर असेल तर त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो, जवळच्या मनोरुग्णालयात नेणंही त्यात येतं. शॉक ट्रीटमेंट यात देता येत नाही.

दाखल करायचं तर कलम ८९. अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीचा. रुग्णाने कोणाला नेमलं नसेल तर नातेवाईक, ते नसतील तर सांभाळणारी व्यक्ती. दोन तपासण्या स्वतंत्र, त्याच दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत. त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. कारण तिघांपैकी एक लागतं: स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा किंवा तसा धाक, किंवा स्वतःची काळजी घेता न आल्याने स्वतःला अपाय होण्याचा धोका. नुसतं 'औषध घेत नाही' पुरत नाही. अर्जासोबत काय घडलं ते तारखेसह लिहून न्या, 'खूप त्रास देतो' या वाक्याचा डॉक्टरला उपयोग नसतो. मुदत ३० दिवस. रुग्णालयाने पुनर्विलोकन मंडळाला (अशा प्रकरणांची तपासणी करणाऱ्या, कायद्याने नेमलेल्या मंडळाला) ७ दिवसांत कळवायचं, रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत.

३० दिवसांपुढे कलम ९०: आता दोन्ही तपासण्या मनोविकारतज्ज्ञांच्या, आणि मंडळाची परवानगी २१ दिवसांत. आधी ९० दिवस, मग १२०, मग दर वेळी १८०. घरचे इथे हमखास अडकतात. ३० दिवस संपले म्हणून घरी आणायचं आणि चार दिवसांनी पुन्हा ८९ खाली दाखल करायला जायचं. डिस्चार्जपासून ७ दिवसांच्या आत परत दाखल करायचं असेल तर ते कलम ९० मध्येच मोडतं, नवीन ३० दिवस सुरू होत नाहीत.

रस्त्यावर भटकणारी व्यक्ती असेल तर कलम १००. पोलिसांनी २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं. लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. बेवारस असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. मॅजिस्ट्रेटपुढे आणलंच तर तपासणीसाठी तो १० दिवसांपर्यंत ठेवायला सांगू शकतो.

साखळीने बांधणं कलम ९५ ने बंद आहे, कुठेही. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवलेल्या जागेला आग लागली तेव्हा साखळीत असलेली माणसं पळू शकली नाहीत. त्या आगीनंतर सुप्रीम कोर्टाने देशभरातल्या अशा जागांची दखल घेतली.

वऱ्हाडी_वकील

इटलीचं दोन ओळींत जोडतो, कारण तिथली मुदत फार आखूड. १९०४ च्या कायद्यात 'धोकादायक किंवा लोकांत बोभाटा करणारा' एवढं कारण पुरे, आणि नोंद गुन्ह्यांच्या रजिस्टरमध्ये. १३ मे १९७८ च्या कायद्याने मनोरुग्णालयांत नवी भरती थांबवली. आता दोन डॉक्टर, ४८ तासांत महापौरांचा हुकूम, पुढच्या ४८ तासांत न्यायाधीशाला कळवायचं, त्याने ४८ तासांत मान्य किंवा रद्द करायचं, आणि मुदत ७ दिवस. वॉर्ड साध्या इस्पितळात, १५ खाटांपर्यंत.

मेधा_कराड

आणि ज्याला घरचे नेतच नाहीत? मुदत संपली तरी जायचं कुठे?

वऱ्हाडी_वकील

२०१७ च्या कायद्याचं कलम १९: घर नाही किंवा घरच्यांनी टाकलं, एवढ्यासाठी कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येत नाही, आणि समाजात राहण्याची सोय सरकारने करायची. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये बऱ्या झालेल्यांच्या पुनर्वसनाबद्दल आदेश दिले. त्यानंतर महाराष्ट्रात काही जणांना मनोरुग्णालयातून भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवलं, हे कोर्टापुढे आलं तेव्हा २०१९ मध्ये कोर्टाने ते थांबवायला सांगितलं. कारण सरळ आहे, भिक्षेकरी गृह हे पुनर्वसन नव्हे.

एखाद्याची अशी केस तुमच्या माहितीत असेल तर अर्ज पुनर्विलोकन मंडळाकडे करायचा. रुग्ण, नामनिर्देशित प्रतिनिधी किंवा रुग्णाच्या संमतीने नोंदणीकृत संस्थाही करू शकते. त्यात तीन गोष्टी मागा: सध्या कोणत्या कलमाखाली ठेवलं आहे, त्या कलमाची मुदत कोणत्या तारखेला संपली, आणि शेवटची दोन तपासणी-पत्रकं. पहिल्या प्रश्नाचं लेखी उत्तर आलं की पुढचं काम निम्मं सोपं होतं.